ऑइलात पाणी आलंय, पण कुठून?

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांत एक ठरलेली तक्रार येऊ लागते. जुन्या ट्रकच्या ऑइल भरायच्या झाकणाला आतून पांढुरकी, पिवळसर साय धरलेली असते. ड्रायव्हर ती बोटावर घेऊन मालकाला दाखवतो, मालक मिस्त्रीला दाखवतो आणि निकाल बहुतेक वेळा तिथंच लागतो : हेड गॅसकेट गेलं. तो निकाल खराही असू शकतो. पण त्याच सायीमागं आणखी पाच-सहा कारणं असू शकतात. त्यातल्या एखाद्याला नवा थर्मोस्टॅट पुरतो, तर एखाद्यासाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं.

पुढचा संवाद अशाच एका ट्रकसमोरचा. ट्रक टाटा १६१३, इंजिन टाटा कमिन्सचं, सहा सिलिंडर, ५.९ लिटर. काम कांद्याचं. लासलगावच्या व्यापाऱ्यांच्या खळ्यांवरून माल उचलायचा आणि रेल्वेच्या रेकवर नेऊन टाकायचा. दिवसभर चार-पाच किलोमीटरच्या खेपा. बोलणाऱ्यांपैकी एक स्वतःचं गॅरेज चालवणारा मिस्त्री, दुसरे एसटीच्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले नाना. माणसं कल्पित आहेत, वाद मात्र रोजचा आहे.

मिस्त्री : नाना, हे झाकण बघा. बोट फिरवलं की गोळा निघतोय. आता यात तपासायचं काय राहिलं? सकाळी हेड उतरवतो, दुपारी फेसिंगला पाठवतो, परवा गाडी रेकवर.

नाना : झाकण पाहिलं. ऑइलची पट्टी पाहिलीस?

मिस्त्री : पट्टीलाही लागलंय की. हे काय.

नाना : ते वरच्या टोकाला लागलंय, पाइपाच्या गार भागात असतं तिथं. खाली बघ, मापाच्या दोन खुणांमध्ये. ऑइल काळंच आहे. जरासं धुरकट म्हण, पण रंग फिरलेला नाही. खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये लिटर-दोन लिटर पाणी उतरलं असतं तर क्रँकनं आणि पंपानं ते घुसळून खालपासून वरपर्यंत एकच चॉकलेटी रंग करून ठेवला असता. शिवाय पातळी चढली असती. चढलीय का?

मिस्त्री : नाही. वरच्या खुणेच्या खालीच आहे. पण पातळी चढेपर्यंत थांबायचं म्हणजे बेअरिंग जायची वाट बघायची. क्रँक आणि मेन बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलाचा थर असतो किती? केसापेक्षा बारीक. तिथं ऑइलाच्या जागी पाणी आलं की धातूला धातू घासला. हेड गॅसकेटचं काम दोन दिवसांचं. क्रँक ग्राइंडिंगला गेली तर ऐन सीझनमध्ये गाडी विटांवर. माझी घाई हेडसाठी नाही, क्रँकसाठी आहे.

नाना : ही भीती अगदी खरी आहे, मी ती खोडणार नाही. पण तिच्यावर उपाय काय? इंजिन बंद करणं. तू उपाय सांगतोस तो इंजिन खोलण्याचा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चावी तुझ्या खिशात राहू दे. एक रात्र उभी राहिली म्हणून बेअरिंग जात नाही, दुधाळ ऑइलावर एक खेप जास्त मारली तर जातं.

मिस्त्री : बरं, चावी खिशात. मग ही साय आली कुठून? रेडिएटरचं पाणी नाही म्हणता, मग आभाळातून पडली?

नाना : डिझेलमधून आली असेल. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर जातं. थोडी वाफ रिंगांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलेलं असेल तर ती ब्रीदरमधून निघून जाते. इंजिन गार असेल तर जो पत्रा सर्वांत गार, तिथं जाऊन बसते. झाकण, टॅपेट कव्हर, पट्टीचा पाइप. तिथं ऑइलाच्या तुषारांत मिसळली की हीच साय. ऑइलात मळ धरून ठेवायला जी द्रव्यं घातलेली असतात, ती पाण्याचे बारीक थेंबही धरून ठेवतात. म्हणून ते पाणी लगेच वेगळं होत नाही, दुधाळ होऊन बसतं.

मिस्त्री : वाफ काय याच गाडीत होते? माझ्याकडं वाशीला कांदा नेणाऱ्या गाड्या येतात. त्यांची झाकणं आतून स्वच्छ असतात.

नाना : त्या वाशीला जातात, येताना कसारा घाट चढतात. तासन् तास इंजिन गरम राहतं. ऑइलातलं पाणी उडून जायला तेवढा वेळ मिळतो. ही गाडी चार किलोमीटर जाते आणि रेकवर नंबर लागेपर्यंत नुसती सुरू ठेवून उभी राहते. डिझेल इंजिन नुसतं सुरू ठेवून तापत नाही, हिवाळ्यात तर उलट निवतं. आणि मला सांग, हिच्यात थर्मोस्टॅट आहे का?

मिस्त्री : नाही. आधीच्या मालकानं काढून टाकलाय. उन्हाळ्यात काटा वर जायचा म्हणून. आमच्याकडं जुन्या गाड्यांत तो कुणी ठेवतच नाही.

नाना : तिथंच गोम आहे. पाणी ऐंशी अंशांच्या पुढं जाईपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो, त्यामुळं इंजिन लवकर तापतं. तो काढला की पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून फिरायला लागतं. निफाडच्या पहाटे चार किलोमीटरच्या खेपेत हे इंजिन कधी तापणार? आणि घाटात काटा वर जातो तो थर्मोस्टॅटमुळं नाही. रेडिएटर आतून क्षारांनी भरलेला असतो, फॅनचा पट्टा ढिला असतो, जाळी मातीनं बुजलेली असते. ते साफ करायचं सोडून सगळे थर्मोस्टॅट काढतात.

मिस्त्री : हे सगळं मान्य. पण नाना, तुम्ही मला वाफेचं कारण दाखवलंत, गळती नसल्याचा पुरावा कुठं दाखवला? थर्मोस्टॅट नाही हे कळल्यानं गॅसकेट सुटत नाही. दोन्ही एकदम असू शकतं. गार इंजिनात वाफही बसते आणि त्याच इंजिनाला बारीक चीरही असते. मग मी वाफ म्हणून सोडून दिलं आणि आठ दिवसांनी बेअरिंग वाजलं, तर मालक कुणाच्या दारात येणार? तुमच्या की माझ्या?

नाना : हा मुद्दा वजनदार आहे. म्हणून वाफ म्हणून सोडायचंही नाही. आधी हे ठरवू की ऑइलात पाणी किती आहे. झाकणावरचं सोड, चेंबरमधलं किती. तुझा स्टोव्ह पेटव आणि पत्र्याचा एक तुकडा आण.

मिस्त्रीनं स्टोव्हवर जाड पत्र्याचा तुकडा ठेवला. तो एवढा तापवायचा की पाण्याचा थेंब टाकताच चर्रकन उडावा, पण ऑइलाचा धूर होऊ नये. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गरम ऑइल उडतं. पहिला थेंब नव्या डब्यातल्या ऑइलाचा. तो पसरला, पातळ झाला आणि गप्प राहिला. दुसरा झाकणावरच्या सायीचा. तो पडताक्षणी तडतडला, फुगला, चारी बाजूंना शिंतोडे उडाले. तिसरा पट्टीच्या खालच्या टोकाचा. त्यात कडेला दोन-तीन बारीक बुडबुडे आले, एकदा टिक् असा आवाज झाला आणि संपलं. थेंब जास्त तडतडला म्हणजे पाणी जास्त, एवढंच या परीक्षेतून समजतं. साधारण हजारात एक भाग किंवा त्याच्याही खाली पाणी असलं तरी पत्रा बोलतो. त्याहून फारच कमी असेल तर गप्प राहतो.

मिस्त्री : म्हणजे चेंबरमध्ये पाणी आहे. पत्र्यानंच सांगितलं.

नाना : आहे, पण नाममात्र. ऑइल लॅबमध्ये पाठवलं तर ०.२ टक्क्यांच्या आसपास पाणी निघालं की ते सहसा धोक्याच्या रकान्यात टाकतात. आपला थेंब त्याच्या अलीकडचा दिसतो. एवढं पाणी वाफेनंही येऊ शकतं आणि नुकतीच सुरू झालेली गळतीही एवढंच दाखवते. तिथून पुढं पत्र्याला काही कळत नाही.

मिस्त्री : मग लॅबलाच पाठवा. तुमच्या एसटीसारखं.

नाना : लॅबही इथं अडखळेल. रेडिएटरमध्ये काय आहे?

मिस्त्री : बोअरचं पाणी. कूलंट कोण घालतो जुन्या गाडीत?

नाना : तेच तर. कूलंट असतं तर लॅबला ग्लायकोल सापडलं असतं, कूलंटमधलं सोडियम, पोटॅशियम सापडलं असतं आणि पाणी रेडिएटरचंच आहे हे कळलं असतं. तुलाही रंगावरून कळलं असतं. बोअरच्या पाण्यात मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम. ती ऑइलाच्या स्वतःच्या द्रव्यांतही असतात. मग ओळखायचं कसं? साधं पाणी घालून आपण ओळख पटवायची खूणच पुसून टाकतो, आणि वर गंज आणि क्षार घेतो.

मिस्त्री : ग्लायकोल ऑइलात गेलं तर बेअरिंगला साध्या पाण्यापेक्षा वाईट. ऑइल चिकट होऊन फिल्टर बुजतो. हे तुम्हीही सांगाल.

नाना : सांगेन. कूलंटची गळती जास्त घातक, पण लवकर सापडते. साध्या पाण्याची गळती सापडेपर्यंत महिना जातो. मला विचारशील तर लवकर सापडणारी बरी. आता दुसरा प्रश्न. रेडिएटरमध्ये रोज पाणी किती घालतात?

मिस्त्री : ड्रायव्हरला विचारलं. म्हणतो, थोडं लागतं.

नाना : थोडं म्हणजे किती?

मिस्त्री : रोज सकाळी झाकण उघडून तोंडापर्यंत भरतो. सवयच आहे त्याची. त्यातलं थोडं गरम झाल्यावर ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडत असणार. म्हणजे पाणी आत जातंय की बाहेर, हे कुणालाच माहीत नाही.

नाना : बघ. या तपासातला सर्वांत स्वस्त पुरावा रोज सकाळी एक बादली नष्ट करते.

मिस्त्री : आता माझं ऐका. रेडिएटरचं तोंड उघडं आहे, टॉर्च मारून बघतो. वर ऑइलाचा तवंग नाही. बोट बुडवलं, चिकट नाही. हे तुमच्या बाजूचं की माझ्या?

नाना : थोडं माझ्या. इंजिन चालू असताना ऑइलाचा दाब दोन-तीन बार किंवा जास्त असतो. पाण्याचा दाब रेडिएटरच्या झाकणावर ठरतो, अर्धा ते एक बार. म्हणून ऑइल कूलरला भोक पडलं की चालताना ऑइल पाण्यात जातं, पाणी ऑइलात येत नाही. गाडी बंद केली की ऑइलाचा दाब क्षणात शून्य, पण गरम पाण्याचा दाब काही वेळ टिकून राहतो. तेव्हा उलटं होतं, पाणी ऑइलात येतं. म्हणून कूलर फुटलेल्या इंजिनात बहुतेकदा दोन्हीकडं घाण दिसते. रेडिएटरवर तवंग आणि चेंबरमध्ये दूध. इथं तवंग नाही, म्हणून कूलरवरचा संशय कमी झाला. संपला नाही.

मिस्त्री : आणि गॅसकेटवरचा?

नाना : तोही कमी झाला. गॅसकेट जिथं दाबाच्या ऑइलाच्या वाटेपाशी फुटतं तिथंही तवंग दिसायला हवा. सिलिंडर आणि पाण्याच्या मध्ये फुटलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, होज लगेच कडक होतात, सकाळी पांढरा धूर पडतो. तसं काही ड्रायव्हर सांगतो का? नाही. बुडबुड्यांसाठी रसायनाची परीक्षा मिळते. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवायची आणि वरची हवा निळ्या द्रवातून ओढायची. जळालेला वायू असेल तर निळा रंग बदलतो. पण ती फक्त जळालेला वायू पकडते. ऑइल आणि पाणी यांच्यातली गळती तिला दिसत नाही. ती परीक्षा चांगली आली म्हणून गॅसकेट निर्दोष, असं म्हणणारेही भेटतात.

मिस्त्री : गॅसकेट गेलं की ऑइल दुधाळ होतंच, असं सगळे समजतात. मीही समजत होतो.

नाना : कैक वेळा होत नाही. आणि ऑइल दुधाळ होतं तेव्हा कैक वेळा गॅसकेट गेलेलं नसतं.

मिस्त्री : मग मी एक नाव घेतो, ते तुम्ही अजून घेतलं नाही. कॉम्प्रेसर. गाडी एअर ब्रेकची आहे. कॉम्प्रेसरच्या हेडमधून इंजिनचंच पाणी फिरतं आणि त्याच्या क्रँकला इंजिनचंच ऑइल जातं, तेच परत चेंबरमध्ये येतं. कॉम्प्रेसरच्या हेडचं गॅसकेट गेलं की पाणी त्याच वाटेनं ऑइलात. इंजिनचं हेड उतरवून, फेसिंग करून, नवं गॅसकेट घालून परत दूध आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. लोक सव्वीस बोल्ट खोलतात, पण शेजारच्या कॉम्प्रेसरकडं कुणी बघत नाही.

नाना : वा! हे मला आधी सुचायला हवं होतं. हवेच्या टाक्या सोडून बघू.

मिस्त्री : टाकीतून करडं दूध निघतंच नाना, ते प्रत्येक जुन्या गाडीत निघतं. हवेतली वाफ आणि कॉम्प्रेसरनं फेकलेलं ऑइल. त्यावरून काही ठरत नाही. पाणी वाजवीपेक्षा जास्त आलं तर मात्र संशय घ्यायचा. इथं नेहमीसारखंच आहे.

नाना : मग आता हेड उतरवायची घाई तुझीच कमी झाली म्हणायची.

मिस्त्री : कमी झालेली नाही. मी एवढंच म्हणतो की उतरवायचं तर कॉम्प्रेसरही उतरवायचा. तुम्ही काहीच उतरवू देत नाही.

नाना : उतरवू देत नाही कारण उतरवताना पहिलं काम काय करावं लागतं? पाणी सोडावं लागतं. पाणी सोडलं की रेडिएटरला पंपानं दाब देऊन बघायची परीक्षा गेली. हेड सैल केलं की जिथून गळत होतं तिथलं पाणी सगळीकडं पसरतं. मग हातात येतं ते काळं पडलेलं, कडा फाटलेलं गॅसकेट. उतरवलेलं गॅसकेट नेहमी गुन्हेगारच दिसतं. काढताना फाटलं की आधी फाटलेलं होतं, हे नंतर कोण सांगणार? दाबाची परीक्षा एकदाच, इंजिन अख्खं असताना.

मिस्त्री : करू. हातपंप आहे माझ्याकडं. पण माझी एक अट आहे. गार इंजिनावर दाब धरला म्हणून मी गप्प बसणार नाही. बारीक चीर गरम झाल्यावर उघडते. गार आणि गरम, दोन्ही वेळा बघायचं.

नाना : मान्य. आणि माझी अट अशी की दाब झाकणावर लिहिला आहे तेवढाच द्यायचा. जास्त दिला तर जुना रेडिएटर आणि होज फुटतील, आणि मग तू म्हणशील गळती सापडली.

रेडिएटर तोंडापर्यंत भरला, पंप बसवला, काटा झाकणाच्या मापाला आणून ठेवला आणि गाडी रात्रभर तशीच उभी राहिली. सकाळी काटा जवळपास तिथंच होता. थंडीनं जेवढा उतरायचा तेवढाच उतरलेला. मग चेंबरखाली स्वच्छ ट्रे ठेवून मिस्त्रीनं ड्रेन प्लग हातानं हळूहळू सैल केला, पूर्ण काढला नाही. रात्रभर उभ्या इंजिनात मोकळं पाणी असेल तर ते ऑइलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. आट्यांमधून पहिली धार आली ती ऑइलाची. काळी, जराशी धुरकट. पाण्याचा एक थेंब वेगळा पडला नाही.

मिस्त्री : गार परीक्षा तुमच्या बाजूनं गेली.

नाना : आता ऑइल आणि फिल्टर बदल. जुनं ऑइल ठेवून गरम परीक्षा करायची नाही, ती तुझी बेअरिंगची भीती मी विसरलेलो नाही. थर्मोस्टॅट नवा बसव. रेडिएटर धुऊन कूलंट भर, म्हणजे पुढं रंगावरून कळेल. मग इंजिन पूर्ण तापव आणि परत पंप लाव.

मिस्त्री : आणि ऑइल कुठलं घालू? एक सांगतो, शेजारच्या दुकानात बॅरल उघड्यावर उभं ठेवतात. पावसात त्याच्या वरच्या पत्र्यावर पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, आतली हवा बाहेर. रात्री निवतं, तेव्हा झाकणाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढून घेतं. नव्या ऑइलातच पाणी असेल तर तुमचा पत्रा माझ्या गॅसकेटवर आळ घेणार. मी सीलबंद डबाच फोडतो.

नाना : हे उत्तम. बॅरल आडवं ठेवायचं, दोन्ही तोंडं एका आडव्या रेषेत, आतून ऑइलानं झाकलेली राहतील अशी. धुताना काय करतात तेही विचार. प्रेशरचा फवारा ब्रीदरवर किंवा ऑइलच्या झाकणावर मारला आणि झाकणाचं रबर झिजलेलं असलं की पाणी सरळ आत.

मिस्त्री : हिचं झाकणाचं रबर झिजलंय. बदलतो. आता गरम परीक्षेतही काटा टिकला असं समजा. तरी मी मालकाला "गाडी घेऊन जा" असं छातीठोक सांगणार नाही. बारीक गळती लोड असल्याशिवाय दिसत नाही. तुम्ही काय म्हणाल, वाशीला पाठवा?

नाना : मी तसंच म्हणणार होतो. एक लांब खेप, इंजिन गरम राहील, उरलीसुरली वाफ उडून जाईल आणि खरं काय ते कळेल.

मिस्त्री : आणि गळती असली तर कसारा घाटात कळेल. ते नको. आधी माल भरून पिंपळगावपर्यंत जाऊन यायचं. आल्यावर पट्टी, झाकण, रेडिएटर. ठीक असेल तर नाशिक. तिथून आल्यावर परत तेच. मग वाशी. आणि ड्रायव्हरनं रेडिएटरमध्ये थेंबही घालायचा असेल तर मापाच्या बाटलीनं घालायचा आणि वहीत लिहायचं.

नाना : ही पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे. आठ दिवसांत वही काय सांगते ते बघू. पाणी उतरलं नाही, झाकण स्वच्छ राहिलं, तर दोष थर्मोस्टॅटचा आणि छोट्या खेपांचा. पाणी उतरलं, बाहेर कुठं गळत नाही आणि पट्टीला रंग आला, तर गाडी तिथंच बंद करायची. मग तू खोल. पण क्रमानं. आधी कॉम्प्रेसर, तो बाहेरच्या बाहेर निघतो. मग ऑइल कूलर. तो ब्लॉकच्या बाजूला फिल्टरमागच्या झाकणाखाली असतो. काढून, तोंडं बंद करून, पाण्याच्या हौदात बुडवून आत हवा सोडायची. भोक असेल तर बुडबुडा सांगतो. सगळ्यात शेवटी हेड.

मिस्त्री : आणि लायनर? गेल्या महिन्यात ट्रॅक्टरमध्ये लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या होत्या. चेंबर खोलून, वरून पाण्याला दाब देऊन खालून बघितलं, तर एका लायनरच्या कडेनं थेंब लोंबत होता.

नाना : ते ओल्या लायनरचं इंजिन. या कमिन्सला वेगळा लायनरच नाही, बोअर ब्लॉकमध्येच आहे. ट्रॅक्टरचा अनुभव इथं लावला तर नसलेल्या रिंगा शोधत बसू. म्हणून कुठलं इंजिन आहे हे आधी विचारायचं. तुझी पद्धत मात्र बरोबर आहे. पाणी कुठून येतंय हे थेंब कुठं लोंबतोय यावरून कळतं, ऑइलाच्या रंगावरून नाही.

मिस्त्री : नाना, आता माझा खरा प्रश्न. हे सगळं केलं, एक रात्र आणि एक दिवस गेला. स्टोव्ह, पंप, ट्रे, पोराचा वेळ. मी मालकाला बिल कशाचं देऊ? त्याला दिसणार ऑइल, फिल्टर, थर्मोस्टॅट आणि एक रबर. विचारणार, "काय केलंस?" मी म्हणणार, "बघितलं." बघायचे पैसे कोण देतं? हेड उतरवलं की टेबलावर हेड दिसतं. तुम्ही एसटीत होता. गाडी उतरवा नाहीतर नुसती बघा, पगार पहिल्या तारखेला.

नाना : हे खरं आहे. मला धीर परवडत होता, तो महामंडळाच्या पैशावर. पण मग हेही कबूल कर, की हेड उतरतं ते सगळ्या वेळी निदानासाठी नाही.

मिस्त्री : बिलासाठी असं म्हणायचंय ना? म्हणा. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. मी हेड उतरवलं आणि गॅसकेट चांगलं निघालं, तर मला कुणी दोष देत नाही. मालकच म्हणतो, "बरं झालं, बघून घेतलं." पण मी "वाफ आहे" म्हणून सोडलं आणि महिन्यानं क्रँक गेली, तर सगळा तालुका म्हणणार मिस्त्रीला कळलं नाही. न खोलण्याचा दोष माझा, विनाकारण खोलण्याचा दोष कुणाचाच नाही. मग माणूस काय करणार? खोलणार.

नाना : खरी अडचण तीच आहे. आपण दोघं वाफ की गॅसकेट यावर भांडत होतो, पण भांडण जोखीम कुणी घ्यायची यावर होतं. मग ती मालकाशी वाटून घे. तपासणीचा दर वेगळा लाव, आधी सांगून. काय बघितलं, काय निघालं, ते कागदावर लिहून दे : पट्टीवरचा रंग, पत्र्याचा आवाज, गार दाब, गरम दाब. पुढचे आठ दिवस काय बघायचं, कधी गाडी जागीच बंद करायची, तेही लिही आणि त्याची सही घे. वही त्याच्या ड्रायव्हरनं लिहायची. मग महिन्यानं काही झालं तर तो तुझ्या दारात येईल, पण ती वही घेऊन येईल.

मिस्त्री : आणि पुढं खोलावं लागलं तर?

नाना : तर तपासणीचे पैसे कामातून वजा कर. मालकाला वाटलं पाहिजे की बघण्यानं त्याचा तोटा झाला नाही. तुलाही वाटलं पाहिजे की बघितल्याचे पैसे मिळाले.

मिस्त्री : वजा करतो. पण दर मी ठरवणार, आणि तो ऑइलच्या डब्यापेक्षा कमी असणार नाही. मालक कुरकुर करेल. करू दे. पुढच्या हिवाळ्यात झाकण घेऊन आलेल्या प्रत्येकाला हाच दर सांगणार. ज्याला नको असेल त्याचं हेड मी उतरवून देईन, फक्त बिलावर लिहीन की तपासणी मालकाच्या सांगण्यावरून केली नाही.

नाना : तेवढं लिहिलंस तर निम्मे मालक तपासणीच करून घेतील.

मिस्त्री : बाकीच्या निम्म्यांचं काम करायला मी आहेच.